घरच्या लॉनसाठी फिरते पॉप-अप स्प्रिंकलर: कोणते घ्यावेत आणि कसे जुळवावेत

दुकानात फिरत्या स्प्रिंकलरची चौकशी केली की विक्रेता आधी त्याची फेक सांगतो. हा तीस फुटांचा, तो पन्नास फुटांचा, असा हिशोब होतो आणि गिऱ्हाईकही जास्त फुटांचा माल घेऊन समाधानाने घरी येते. बंगल्याच्या लॉनसाठी हा निकष जवळजवळ निरुपयोगी आहे. पाणी किती लांब जाते याला फारसे महत्त्व नाही. ते लॉनच्या प्रत्येक भागावर सारख्या जाडीने पडते का, हे महत्त्वाचे आहे, आणि ते स्प्रिंकलरच्या बाहेरच्या रूपावरून नव्हे, तर त्यात बसवलेल्या नोझलवरून, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या छिद्राच्या सुट्या तुकड्यावरून, आणि त्याला मिळणाऱ्या दाबावरून ठरते. त्यामुळे या परीक्षणात ज्या तीन वस्तूंचा विचार केला आहे, त्यांना मी याच कसोटीवर तपासले आहे: हंटर कंपनीचा पीजीपी अल्ट्रा, रेन बर्डचा ५००४ आणि हंटरचाच एमपी रोटेटर. लॉन १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद, म्हणजे १६२ चौरस मीटरचे आहे. खाली काळी माती, वर वीतभर लाल माती, पाणी बोअरचे आणि पंप साधा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेला. पुणे, नाशिक, अहिल्यानगर या पट्ट्यातल्या बंगल्यांमध्ये थोड्याफार फरकाने हीच परिस्थिती असते.

शेतात कांद्यावर किंवा भुईमुगावर टक-टक आवाज करीत फिरणारा तुषार सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात पाण्याची धार एका दांड्यावर आदळते, स्प्रिंग तो दांडा परत आणते आणि प्रत्येक ठोक्यासरशी तोंड थोडेसे सरकते. या आघाती स्प्रिंकलरची रचना ऑर्टन एंगलहार्ट यांनी १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातील ग्लेंडोरा येथे केली आणि रेन बर्ड कंपनीचा उगम त्यातूनच झाला. पीजीपी आणि ५००४ यांची जात वेगळी आहे. त्यांच्या बुडाशी एक छोटी पाणचक्की असते, ती पाण्याच्या प्रवाहाने फिरते आणि दातेरी चाकांच्या साखळीमधून तिची गती कमी होत होत वरचे तोंड सावकाश फिरते. पाणी बंद असताना हे सारे जमिनीच्या पातळीखाली दडलेले असते. पाणी सुरू झाले की सुमारे दहा सेंटिमीटर उंचीची दांडी वर येते. आवाज नाही, गवत कापताना अडथळा नाही आणि मुले लॉनवर खेळत असताना ठेच लागण्याची भीतीही नाही. घरच्या लॉनसाठी आघाती तुषार घेण्याचे, स्वस्त असण्यापलीकडे, मला एकही कारण दिसत नाही. मात्र रेतीमिश्रित पाणी गाळणीविना वापरायचेच असेल तर तो अधिक काळ टिकतो, हे मान्य केले पाहिजे.

निवडीच्या आधी दाबाचा विचार करावा लागतो, आणि बहुतेक घरांत गोष्टी इथेच बिघडतात. दोन मजली बंगल्याच्या गच्चीवरच्या टाकीतून लॉनच्या पातळीवर येणारे पाणी साधारण आठ ते दहा मीटर उंचीवरून येते, म्हणजे त्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आतबाहेर असतो. पीजीपी अल्ट्रा आणि ५००४ या दोन्हींना सुमारे १.७ ते ४.५ किलो दाब लागतो, आणि चांगले काम हवे असेल तर अडीच ते तीन किलोच्या दरम्यान तो ठेवावा लागतो. टाकीच्या दाबावर या दांड्या कशाबशा वर येतील, तोंड अडखळत फिरेल आणि धार न फुटता जाड थेंबांच्या रूपाने दूरवर एका कड्यात पडेल. मधला भाग कोरडाच राहील. याच्या उलट, दाब चार-साडेचार किलोच्या पुढे गेला की धारेचे धुके होते आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर ते शेजाऱ्यांच्या गाडीवर जाऊन बसते. म्हणून स्प्रिंकलर विकत घेण्यापूर्वी दोन-तीनशे रुपयांचा प्रेशर गेज आणून, पंप चालू असताना आणि पाणी प्रत्यक्ष वाहत असताना, पाइपाच्या शेवटच्या टोकाला दाब मोजावा. नुसता बंद तोटीवर मोजलेला दाब फसवा असतो, कारण पाणी वाहू लागले की पाइपातल्या घर्षणाने तो खाली येतो. दाब जास्त असलेल्या घरांसाठी दोन्ही कंपन्या दाब नियंत्रक बसवलेल्या आवृत्त्या देतात, त्या ३.१ किलोच्या आसपास दाब स्थिर ठेवतात. मोनोब्लॉक पंपावर चालणाऱ्या लहान लॉनला त्यांची क्वचितच गरज पडते.

आता नोझल. फिरणाऱ्या तोंडातून मिनिटाला जितके लिटर पाणी बाहेर पडते ते त्या तोंडाच्या छिद्रावर अवलंबून असते. तोंड किती अंशांत फिरते याच्याशी त्याचा संबंध नसतो. कोपऱ्यातला स्प्रिंकलर ९० अंशांत फिरतो, बाजूच्या मध्यावरचा १८० अंशांत आणि लॉनच्या मध्यभागी असलाच तर तो पूर्ण ३६० अंशांत. तिघांमध्ये एकच नोझल बसवले तर तिघेही तेवढेच पाणी सोडतात, पण पहिला ते पाव वर्तुळात ओततो, दुसरा अर्ध्यात आणि तिसरा पूर्ण वर्तुळात. म्हणजे कोपऱ्यात मध्यभागाच्या चौपट पाणी पडते. कोपऱ्यात शेवाळ आणि मध्यभागी पिवळे गवत असे चित्र ज्या लॉनवर दिसते, तिथे माळ्याला बोलण्याआधी नोझलवरचे आकडे वाचावेत. बहुतेक वेळा सगळीकडे एकच आकडा सापडतो. हे काम करणाऱ्या प्लंबरला घाई असते, पिशवीतून जे नोझल हाताला लागेल ते तो दाबून बसवतो आणि पाणी वर उडाले की काम झाले असे मानतो. उपाय सोपा आहे: कोनाच्या प्रमाणात नोझल बदलायचे. ९० अंशांना १.५ असेल तर १८० अंशांना ३ आणि ३६० अंशांना ६.

पीजीपी अल्ट्राबरोबर निळ्या नोझलांचा जो संच मिळतो, त्यावर १.५ पासून ८ पर्यंतचे आकडे असतात. हे आकडे ढोबळमानाने मिनिटाला सुटणाऱ्या अमेरिकन गॅलनांचे आहेत आणि एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. वर सांगितलेल्या १८ बाय ९ मीटरच्या लॉनवर चार कोपऱ्यांत १.५ चे आणि लांब बाजूंच्या मध्यावर ३ चे नोझल, असे सहा स्प्रिंकलर बसवले, तर एकूण पाणी १२ गॅलन, म्हणजे मिनिटाला सुमारे ४५ लिटर होते. तासाला ते २,७०० लिटरच्या पुढे जाते. त्याला १६२ चौरस मीटरने भागले की तासाला जवळजवळ १७ मिलिमीटर पाणी पडते असे निघते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, एवढे लक्षात ठेवले की हा हिशोब कागदाच्या तुकड्यावर होतो. सहाही ठिकाणी ३ चेच नोझल बसवले असते तर पंपावर दीडपट भार पडला असता आणि कोपऱ्यांना बाजूंच्या दुप्पट पाणी मिळाले असते. पाणी वाया जाते ते इथे. पाइपाच्या गळतीतून जाते त्यापेक्षा कितीतरी जास्त.

याच हिशोबावरून पंपाची निवडही ठरते. मिनिटाला ४५ लिटर पाणी अडीच-तीन किलो दाबाने द्यायचे तर अर्ध्या अश्वशक्तीचा घरगुती पंप त्यासाठी अपुरा पडतो. एक अश्वशक्तीचा मोनोब्लॉक हवा आणि तोही खरेदी करताना त्याच्या तक्त्यात २८ ते ३० मीटर हेडला (म्हणजे तेवढ्या उंचीइतक्या दाबाला) किती लिटर पाणी येते ते पाहूनच घ्यावा. पंप लहानच ठेवायचा असेल तर लॉनचे दोन भाग करून प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह द्यावा. तसे केले तर मधल्या दोन स्प्रिंकलरना दोन भागांत कसे विभागायचे हा प्रश्न उभा राहतो. मी तरी एका बाजूचे तीन आणि दुसऱ्या बाजूचे तीन अशी उभी वाटणी करीन, कारण तिन्हींचा कोन आणि नोझल यांचे प्रमाण दोन्ही भागांत सारखेच राहते.

पीजीपी आणि ५००४ या दोन रोटरांपैकी, म्हणजे दातेरी चाकांवर फिरणाऱ्या स्प्रिंकलरांपैकी, कोणता घ्यावा, यावर दुकानदारांमध्ये जितका वाद आहे तितका फरक त्यांच्यात नाही. दोघांची दांडी दहा सेंटिमीटरची, दोघांचा बुडाचा आटा पाऊण इंची, दोघांचा कोन वरून बदलता येतो आणि दोघांची फेक स्क्रूने जास्तीत जास्त पाव हिश्श्याने कमी करता येते. पीजीपी अल्ट्राची जमेची बाजू अशी की कोणी त्याचे तोंड हाताने जबरदस्तीने फिरवले तरी ते आपल्या ठरलेल्या कोनात परत येते. लहान मुले असलेल्या घरात हा गुण फार उपयोगी पडतो. त्याचा कोन ५० अंशांपासून पूर्ण वर्तुळापर्यंत ठेवता येतो. ५००४ चा कोन ४० अंशांपर्यंत खाली आणता येतो. ज्यांच्या लॉनला अरुंद, टोकदार कोपरा आहे त्यांना याचा उपयोग होईल. कोन बदलायला पीजीपीला हंटरची स्वतःची छोटी चावी लागते, ५००४ ला साधा चपटा स्क्रूड्रायव्हर पुरतो. ती चावी कुठल्या खणात ठेवली हे दोन वर्षांनी कोणाला आठवते? या एका कारणासाठी ५००४ ला माझ्याकडून एक गुण जास्त.

५००४ च्या बाजूने दुसरे आणि अधिक भक्कम कारण नोझलांचेच आहे. रेन बर्डने या मालिकेसाठी समप्रमाणात पाणी देणाऱ्या नोझलांचे वेगळे संच काढले आहेत: २५ फुटांसाठी लाल, ३० फुटांसाठी हिरवा आणि ३५ फुटांसाठी फिकट पिवळसर. प्रत्येक संचात पाव, एक तृतीयांश, अर्ध्या आणि पूर्ण वर्तुळासाठी स्वतंत्र नोझल असते. नऊ मीटर अंतरावर स्प्रिंकलर बसवायचे असतील तर ३० फुटांचा हिरवा संच नेमका लागू पडतो, कोपऱ्यात पाव वर्तुळाचे आणि बाजूला अर्ध्या वर्तुळाचे नोझल बसवले की हिशोब संपला. पीजीपीच्या निळ्या संचात हे आपल्याला डोके लावून करावे लागते, आणि शिवाय ३ चे नोझल १.५ पेक्षा लांब फेकत असल्याने त्याची फेक स्क्रूने नऊ मीटरपर्यंत कमी करावी लागते. हा स्क्रू धारेच्या वाटेत येऊन ती फोडतो. थोडासा फिरवला तर पाणी जवळ चांगले पसरते, पण पूर्ण आत घातला तर धार विस्कटते आणि थेंबांचे वाटप बिघडते. पाव हिश्श्यापेक्षा जास्त फेक कमी करावी लागत असेल तर नोझल चुकीचे आहे असे समजून लहान नोझल बसवावे.

स्प्रिंकलरमधले अंतर हा विषय इथेच येतो. एका स्प्रिंकलरचे पाणी थेट शेजारच्या स्प्रिंकलरच्या पायापर्यंत पोहोचले पाहिजे. पुष्कळांना हे उधळपट्टीचे वाटते आणि ते दोन वर्तुळांच्या कडा फक्त एकमेकींना भिडतील असे अंतर ठेवून निम्मे स्प्रिंकलर वाचवतात. पण फिरत्या धारेचे पाणी तोंडापासून दूर जाताना विरळ होत जाते. शेवटच्या मीटर-दीड मीटरमध्ये जे पडते त्यावर गवत जगत नाही. तो विरळ भाग दुसऱ्या स्प्रिंकलरच्या दाट भागाने झाकला जावा, यासाठी हे एकमेकांवर चढणे आवश्यक असते.

कोन जुळवण्याची रीत दोन्हींमध्ये सारखीच आहे आणि ती एकदा समजली की माळ्याची वाट पाहावी लागत नाही. दोन्हींची डावी मर्यादा ठरलेली असते आणि बदलते ती उजवी. म्हणून आधी तोंड हाताने डावीकडे अडेपर्यंत फिरवावे आणि ते लॉनच्या डाव्या कडेवर आहे का ते पाहावे. नसेल तर कोन फिरवत बसू नये. वरचे झाकण सोडवून आतला सगळा भाग बाहेर काढावा, तोंड डाव्या मर्यादेवर आणावे आणि ते हव्या त्या कडेकडे राहील अशा बेताने आतला भाग पुन्हा बसवून झाकण घट्ट करावे. त्यानंतरच उजवी मर्यादा ठरवावी. पीजीपीमध्ये तोंड उजव्या मर्यादेवर धरून चावी घड्याळाच्या दिशेने फिरवली की कोन वाढतो, एका पूर्ण फेऱ्याला ९० अंश. उलट फिरवली की तितकाच कमी होतो. ५००४ मध्ये वरच्या बाजूला अधिक-उणे अशी खूण असलेली खाच असते, तीत स्क्रूड्रायव्हर घालून तेच करायचे. जोर लावून फिरवण्याची गरज कुठेच पडत नाही, आणि पडत असेल तर काहीतरी चुकत आहे. कंपाउंडची भिंत जवळ असेल तर कोन भिंतीच्या समांतर रेषेपेक्षा दोन-तीन अंश आतच थांबवावा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग रंगवलेल्या भिंतीवरून निघत नाहीत. नोझल बदलताना आधी फेकीचा स्क्रू मागे घ्यायला विसरू नये, नाहीतर नोझल आत बसते पण नीट अडकत नाही आणि पंप सुरू होताच गवतात कुठेतरी उडून पडते.

इतके लिहिल्यावरही माझे मत असे आहे की, नऊ मीटरच्या आतल्या बहुतेक घरगुती लॉनला हे दोन्ही रोटर गरजेपेक्षा मोठे आहेत, आणि तिथे खरी योग्य वस्तू एमपी रोटेटर ही आहे. हा स्वतंत्र स्प्रिंकलर नाही. साध्या, न फिरणाऱ्या पॉप-अपच्या तोंडावर बसणारे ते एक फिरते नोझल आहे, ज्यातून एका जाड धारेऐवजी बोटांसारख्या अनेक बारीक धारा वेगवेगळ्या लांबीवर फेकल्या जात हळूहळू फिरतात. त्याचा खरा गुण असा की कोन बदलला की त्यातून सुटणारे पाणीही त्याच प्रमाणात बदलते. कोपऱ्यात पाव वर्तुळ ठेवा किंवा बाजूला अर्धे, जमिनीवर तासाला पडणारे पाणी जवळपास तेवढेच राहते, सुमारे दहा मिलिमीटर. वर जो नोझलांचा सगळा हिशोब मांडला, तो इथे करावाच लागत नाही. एमपी १००० ची फेक सुमारे अडीच ते साडेचार मीटर, एमपी २००० ची चार ते साडेसहाच्या आत आणि एमपी ३००० ची नऊ मीटरपर्यंत आहे. एकाच व्हॉल्व्हवर हे तिन्ही निर्धास्तपणे मिसळता येतात, जे रोटरांच्या बाबतीत सहज जमत नाही. त्याला २.८ किलो दाब मानवतो.

आकडे पाहिले की फरक स्पष्ट होतो. त्याच १८ बाय ९ मीटरच्या लॉनवर सहा एमपी ३००० बसवले तर एकूण पाणी मिनिटाला सुमारे २७ लिटर लागते, रोटरांच्या ४५ लिटरपेक्षा कितीतरी कमी. सगळे लॉन एकाच व्हॉल्व्हवर राहते, पाइप एक इंचीऐवजी पाऊण इंची चालू शकतो, आणि पंपही लहान पुरतो. शिवाय पाणी सावकाश पडणे आपल्या मातीला हवेच आहे. चिकण मातीत पाणी मुरण्याचा वेग तासाला एक ते पाच मिलिमीटर, पोयट्यात दहा ते वीस मिलिमीटर, असे ढोबळ प्रमाण सिंचनाच्या पुस्तकांत दिलेले असते. वरच्या वीतभर लाल मातीने पाणी शोषले तरी खालची काळी माती ते थोपवून धरते. तासाला सतरा मिलिमीटरने पाणी देणारा रोटर अशा जमिनीवर दहा मिनिटांत डबके करतो. एमपी रोटेटरला त्यासाठी बराच वेळ लागतो. रोटरच वापरायचे असतील तर वीस मिनिटांचे पाणी सात-सात मिनिटांच्या तीन हप्त्यांत, मध्ये अर्धा तास जाऊ देऊन सोडावे; टायमर असेल तर त्यात ही सोय असते.

एमपी रोटेटरचे दोष लपवण्यात अर्थ नाही. छिद्रे बारीक असल्याने बोअरची रेती आणि क्षार यांचा त्याला रोटरपेक्षा लवकर त्रास होतो. पाणी सुरू होताना आणि बंद होताना ते स्वतःला धुऊन घेते, अशी त्याची रचना आहे आणि तिचा उपयोगही होतो, पण क्षारांच्या थरापुढे तिचे फारसे चालत नाही. नोझल काढून रात्रभर पातळ व्हिनेगरमध्ये ठेवले की पुन्हा चालते. कोन आणि फेक पाणी चालू असताना बदलावी लागते, म्हणजे माणूस भिजतोच. आणि फेक नऊ मीटरपुढे हवी असेल, शाळेचे मैदान किंवा फार्महाउसचे मोठे लॉन असेल, तर एमपी रोटेटरचा विचार सोडून सरळ ५००४ किंवा पीजीपी घ्यावा. एका व्हॉल्व्हवर मात्र हे दोन प्रकार कधीही एकत्र जोडू नयेत: एक तासाला सतरा मिलिमीटर देणार आणि दुसरा दहा, मग वेळ कोणाच्या हिशोबाने ठरवायची?

बसवण्याच्या कामात तीन गोष्टींवर हट्ट धरावा. पहिली गोष्ट आट्याची. आयात मालाचा आटा पुष्कळदा अमेरिकन मापाचा असतो आणि आपल्याकडच्या फिटिंगचा ब्रिटिश मापाचा. पाऊण इंचीमध्ये दोन्हींना इंचाला चौदाच आटे असल्याने ते एकमेकांत बसतात, पण कोन वेगळा असल्याने टेफ्लॉन टेप नीट गुंडाळल्याशिवाय गळतात, आणि पान्याने जोर लावला तर प्लॅस्टिकचे बूड तडकते, हातानेच आवळावे. दुसरी गोष्ट जोडणीची. प्लंबर मुख्य पाइपावर कडक पीव्हीसीचा उभा तुकडा लावून त्यावर स्प्रिंकलर बसवतात. लॉनवरून गवत कापायचे यंत्र गेले किंवा कोणी पाय दिला की तो तुकडा जोडाजवळ मोडतो, आणि त्यासाठी लॉन खणावे लागते. त्याऐवजी हातभर लवचीक पाइप मधे द्यावा, किंवा तयार मिळणारा फिरता जोड वापरावा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे आपल्याकडे ही काळजी आणखी महत्त्वाची ठरते. तिसरी गोष्ट पातळीची: झाकण मातीच्या पातळीला, दांडी बरोबर ओळंब्यात, कठड्यापासून चार बोटे आत. दांडी एका बाजूला कलली की एकीकडची धार गवतात घुसते आणि दुसरीकडची आकाशात जाते, आणि मग कितीही कोन जुळवला तरी उपयोग होत नाही. लॉन उतारावर असेल तर झडप असलेली आवृत्ती घ्यावी, नाहीतर पंप बंद झाल्यावर पाइपातले सगळे पाणी सर्वात खालच्या स्प्रिंकलरमधून गळत राहते आणि तिथे कायमचा चिखल होतो. पीजीपी अल्ट्रामध्ये ही झडप तीन मीटरपर्यंतचा उतार सांभाळते.

बोअरचे पाणी असेल तर पंपानंतर १२० मेशची (इंचाला १२० छिद्रांइतकी बारीक) डिस्क गाळणी हवीच. ठिबकवाल्यांच्या दुकानात ती सहज मिळते. स्प्रिंकलरच्या बुडाशी एक लहान जाळी असते, पण ती शेवटचा बचाव म्हणून ठेवलेली आहे. सगळी रेती तिच्यावर सोडून दिली तर ती भरते, दाब पडतो आणि तोंड फिरणे थांबते. तोंड फिरत नाही म्हणून नवा स्प्रिंकलर आणण्याआधी आतला भाग बाहेर काढून ही जाळी धुऊन पाहावी.

सगळे बसवून झाल्यावर तपासणी डोळ्यांनी नव्हे, भांड्यांनी करावी. सरळ बाजूंचे एकसारखे प्लॅस्टिकचे डबे लॉनवर ठरावीक अंतराने, कोपऱ्यांत आणि मध्यभागीही ठेवून पंधरा मिनिटे पाणी सोडावे आणि प्रत्येक डब्यातले पाणी पट्टीने मोजावे. सर्वांत कमी पाणी असलेल्या पाव हिश्श्याच्या डब्यांची सरासरी काढून तिला एकूण सरासरीने भागले असता ०.७ किंवा त्याहून जास्त आले तर जुळणी चांगली समजावी. ०.५ च्या आसपास आले तर नोझल, अंतर किंवा दाब यांपैकी काहीतरी चुकले आहे, आणि अशा लॉनवर वेळ वाढवून काही साधत नाही. कोरडा भाग पुरेसा भिजेपर्यंत ओला भाग कुजून जातो. ही तपासणी पहाटे, वारा नसताना करावी. पाणी देण्याची वेळही तीच ठेवावी, कारण मे महिन्यात दुपारनंतर वारा सुटतो आणि बारीक थेंब वाहून जातात; संध्याकाळी दिले तर पाते रात्रभर ओले राहते आणि बुरशी लागते.

पाण्याचे प्रमाण मात्र नीट समजून घ्यावे. उन्हाळ्याच्या ऐन भरात आपल्याकडच्या हवामानात लॉनला दिवसाला चार ते पाच मिलिमीटर पाणी लागते. शंभर चौरस मीटरला ते पाचशे लिटरपर्यंत जाते, आणि शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हा पुरवठ्याचा मानदंड असल्याने, एवढ्या लॉनसाठी जवळजवळ चार माणसांचे पाणी रोज लागते. ज्यांचे बोअर एप्रिलमध्ये आटते, त्यांनी स्प्रिंकलरचा प्रकार निवडण्याआधी लॉनचा आकार निम्मा करण्याचा विचार करावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तीन मीटरपेक्षा अरुंद पट्टी असेल, म्हणजे बंगला आणि कंपाउंड यांच्यामधली बोळासारखी जागा, तर यातली कोणतीही वस्तू घेऊ नये. तिथे फिरत्या धारेचे निम्मे पाणी भिंतीवर जाते. तिथे गवताऐवजी झुडपे लावून ठिबक टाकावे, आणि स्प्रिंकलरचे पैसे गाळणीसाठी आणि दोन-चार जास्तीच्या नोझलांसाठी राखून ठेवावेत, कारण लहान गावांत हव्या त्या आकड्याचे सुटे नोझल मागितले की दुकानदार पूर्ण स्प्रिंकलरच पुढे करतो.